लोखंडाचा पीळ

गेल्या शनिवारी भोसरीतल्या एका शेडमध्ये मी पोलादाचा दांडा पिळला. माझ्या हातांनी! अंगठ्याएवढा जाड, वीतभर लांब, तेलाने चमकणारा दांडा. एक टोक बाकावर जखडलेलं, दुसऱ्या टोकाला आडवी मूठ. मी मूठ ओढली आणि समोरच्या पडद्यावर आकडा उमटला, १०.२. हात सैल सोडला, ०.०. पुन्हा ओढली, ९.६. दांडा मात्र ढिम्म. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"आत्या, तो ढिम्म नाहीये," भाचा म्हणाला. "तू ओढतेस तेव्हा तो पिळला जातो, सोडतेस तेव्हा परत सरळ होतो. आकडा त्या पिळाचाच आहे."

त्याला आज चार दिवस झाले. चार दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलेलं नाही.

मी शाळेत इतिहास शिकवते. भाचा ज्या कारखान्यात काम करतो तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची चाचणी घेणारी यंत्रं बनवतात, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. सकाळी त्याचा डबा घरी राहिला, म्हणून तो द्यायला गेले आणि अडीच तास तिथेच उभी राहिले. डबासुद्धा नंतर त्या मुठीच्या टोकाला टांगला. पडद्यावर २.१ आलं. मूठ पाव मीटर लांब होती, त्यावरून भाच्याने जागच्या जागी हिशेब करून सांगितलं की डबा साडेआठशे ग्रॅमचा आहे. पोलादाला डब्याचं ओझं कळतं! पोळी-भाजीच्या डब्याने अंगठ्याएवढं पोलाद वळतं, आणि डबा काढला की पुन्हा जागेवर येतं!

टॉर्क हा शब्द मी गाड्यांच्या जाहिरातींत वाचला होता. पण आपल्याकडे त्याला पीळ हा केवढा नेमका शब्द आहे. आजीच्या जात्याचा खुंटा वरच्या दगडाच्या कडेला का असतो, मध्यावर का नाही? कारण फिरवण्याची ताकद नुसत्या जोरात नसते. जोर मध्यापासून किती लांब लावला, त्यातही असते. जोर गुणिले अंतर. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण शंभर ग्रॅम टांगले की जो पीळ पडतो, तो एक न्यूटन मीटर. आणि इथे मला पहिला धक्का बसला. शंभर सीसीच्या साध्या मोटरसायकलचं इंजिन जास्तीत जास्त ८ न्यूटन मीटरच्या आसपास पीळ देतं. मी एका हाताने १०.२ दिला होता! मग माझ्या हातावर मोटरसायकल का धावत नाही? कारण इंजिन तो पीळ मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी देत राहतं. पीळ आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ८ न्यूटन मीटर आणि सहा हजार फेरे म्हणजे ५ किलोवॉट. माझा हात १०.२ च्या पिळाने मिनिटाला तीस वेळा फिरला तरी तीस वॉटच्या घरात. म्हणजे फिरणाऱ्या कुठल्याही यंत्राने किती काम केलं हे सांगायचं, तर नुसते फेरे मोजून भागत नाही, पीळ मोजावाच लागतो. तो नाही मोजला तर यंत्र निवांत फिरतंय की धापा टाकतंय, हेच कळत नाही.

पण न दिसणारा पीळ मोजायचा कसा? अंगठ्याएवढ्या दांड्यावर १० न्यूटन मीटर पडला, तर वीतभर लांबीत त्याचं एक टोक दुसऱ्याच्या मानाने एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी वळतं. भाच्याने मला रबरी नळीचा एक तुकडा दिला. त्यावर पेनने लहान लहान चौकोन काढले आणि म्हणाला, आता पीळ. पिळली. चौकोन कलंडले, पतंगासारखे झाले! प्रत्येक चौकोनाचा एक कर्ण लांब झाला, दुसरा आखूड. नळीची लांबी तेवढीच, जाडी तेवढीच, पण तिरप्या रेषेत, बरोबर ४५ अंशांत, एका बाजूला रबर ताणलेलं आणि दुसऱ्या बाजूला दाबलेलं. पोलादातही हेच घडतं, फक्त इतकं कमी की दिसत नाही. ओला पंचा पिळताना तिरप्या वळ्या पडतात, त्या मी आयुष्यभर पाहत आले आहे. हजारो वेळा! त्या वळ्यांमध्ये सगळं उत्तर लिहिलेलं होतं.

म्हणून दांड्यावर ४५ अंशांत तिरपी, नखाएवढी चकचकीत पट्टी चिकटवलेली असते. तिला स्ट्रेन गेज म्हणतात. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर धातूच्या पत्र्याची नागमोडी रेघ, जाते-येते, जाते-येते, जणू शेतातला नांगर. हा धातू म्हणजे कॉन्स्टंटन, तांबं आणि निकेल यांचा मिश्रधातू. रेघ ताणली की ती लांब आणि बारीक होते, विजेला वाट अवघड होते, रोध वाढतो. दाबली की कमी होतो. रेघेचा मूळ रोध ३५० ओहम. मी जीव खाऊन १० न्यूटन मीटर ओढला तेव्हा त्यात फरक पडला तो ०.०३ ओहमपेक्षाही कमी! साडेतीनशेत इतकासा फरक, आणि त्यावरून पडद्यावर दशांशापर्यंत आकडा.

हा फरक पकडण्याची युक्ती मला सगळ्यांत आवडली. गेज एक नसतं, चार असतात. दोन ताणल्या जाणाऱ्या तिरप्या रेषेवर, दोन दाबल्या जाणाऱ्या. चारींची चौकट करून जोडतात, तिला व्हीटस्टन ब्रिज म्हणतात. दांडा शांत असला की चौकट सोनाराच्या तराजूसारखी समतोल, मधून काही वाहत नाही. पीळ पडला की दोन पारडी वर, दोन खाली, चारींचा परिणाम एकमेकांत मिळतो. आणि आता पाहा: दुपारी शेड तापली, दांडा गरम झाला, तर चारही गेज सारखीच बदलतात, तराजू हलत नाही! दांड्यावर कुणी आडवा भार टाकून तो वाकवला, तर तेही आपसात कटतं. लांबीत ओढला, तेही कटतं. उरतो फक्त पीळ. इतक्या गोंगाटातून एकच आवाज वेगळा काढायचा, आणि तोही कुठला हिशेब न करता, नुसत्या चार पट्ट्या कुठे चिकटवल्या एवढ्याच्या जोरावर. मी भाच्याला हे तीनदा सांगायला लावलं.

घरी येऊन रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले. १७८४ साल म्हटलं की मला महादजी शिंदे आणि दिल्लीचं राजकारण आठवतं. त्याच साली पॅरिसमध्ये शार्ल कूलाँ धातूच्या तारा पिळत बसला होता, आणि त्याने दाखवून दिलं की तार जितकी पिळाल तितक्याच प्रमाणात ती उलट जोर करते, आणि तिची जाडी दुप्पट केली तर हा जोर सोळापट होतो. सोळापट! पुढच्याच वर्षी त्याने अशाच पिळाच्या तराजूवर विद्युतभारांमधलं बल मोजलं. १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने पिळणाऱ्या तारेवर टांगलेल्या दांडीच्या मदतीने चक्क पृथ्वीची घनता काढली. सत्तावन्नच्या उठावाच्या आदल्या वर्षी, १८५६ मध्ये, विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिननी, तांब्याच्या आणि लोखंडाच्या तारा ताणून त्यांचा रोध बदलतो हे मांडलं. व्हीटस्टनचा ब्रिज तर त्याच्याही आधीचा, १८४३ मध्ये तो प्रसिद्ध झाला होता, आणि मूळ कल्पना सॅम्युअल ख्रिस्टीची, १८३३ची. म्हणजे सगळं साहित्य मांडून ठेवलेलं होतं. तरी ती तार पोलादावर चिकटवावी हे सुचायला आणखी ऐंशी वर्षं जावी लागली!

आणि सुचलं ते दोघांना, एकमेकांना नकळत. कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्सला, आणि १९३८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत आर्थर रूजला. रूज भूकंपाचा अभ्यास करत होता. उंच खांबांवरच्या पाण्याच्या टाक्या हादऱ्यात कशा वागतात हे बघायला त्याने टाकीची छोटी प्रतिकृती केली होती. तिचा पत्रा इतका पातळ की मोजायचं उपकरण लावलं तर त्याच्याच वजनाने मोजमाप बिघडायचं. मग त्याने अतिशय बारीक तार पातळ कागदावर डकवली आणि तो कागद टाकीला चिकटवला. कागद, गोंद आणि तार. संस्थेच्या पेटंट समितीने त्याला कळवलं की शोध रंजक आहे, पण त्याला मोठा व्यापारी उपयोग दिसत नाही, आणि हक्क त्याच्याच हवाली केले. आज पुलांवर, विमानांच्या पंखांवर, वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात, सगळीकडे तीच पट्टी आहे. वाण्याकडे मी आजवर जेवढी साखर तोलून घेतली, ती रूजच्या कागदावर तोलली गेली!

त्या शेडमध्ये एक ताई आहेत. त्यांचं काम दिवसभर गेज चिकटवण्याचं. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्या मला बाई म्हणू लागल्या आणि त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. आधी दांडा बारीक पॉलिश पेपरने घासायचा. मग रसायनाने पुसायचा, आणि कापूस एकाच दिशेने फिरवायचा, मागे-पुढे केला तर पुसलेला मळ परत चिकटतो. मग तिरप्या खुणा. मग चिकटपट्टीवर गेज उचलून खुणेवर ठेवायचं, अलगद उलटून खाली एक थेंब गोंद, आणि अंगठ्याने दाबून धरायचं. एक मिनिट. अंगठ्याचा दाब आणि अंगठ्याची ऊब, दोन्ही लागतात. एवढं सगळं विज्ञान, आणि शेवटी एका बाईच्या अंगठ्याची ऊब! "बाई, तुम्ही करता का एक?" त्यांनी विचारलं. बाद झालेल्या एका दांड्यावर मी एक गेज चिकटवलं. ते मिनिट मी मनात मोजलं नाही, मोठ्याने मोजलं.

दांडा जागेवर जखडलेला असतो तोवर हे ठीक. पण कारखान्यातले दांडे फिरतात, मिनिटाला हजारो फेरे. चार तारा बाहेर आणायच्या तर त्या दांड्याला गुंडाळल्याच जातील! पूर्वी, आणि अजूनही काही ठिकाणी, दांड्यावर धातूच्या कड्या बसवून त्यांवर कार्बनचे ब्रश घासत ठेवतात. ब्रश झिजतात, खरखर आकड्यांत शिरते. म्हणून आता दांड्यावरच छोटा इलेक्ट्रॉनिक भाग बसवतात. त्याला वीज मिळते ती न चिकटता, शेजारच्या वेटोळ्यातून, आणि तो आकडे पाठवतो रेडिओ लहरींनी. फिरत्या दांड्याने हवेतून हाक मारून सांगायचं, मी सध्या इतका पिळलोय. शिवाय गेजच नको म्हणणाऱ्या रीतीही आहेत. एमिलिओ व्हिलारी या इटालियन माणसाला १८६५ मध्ये आढळलं होतं की लोखंडावर ताण पडला की त्याचं चुंबकत्व बदलतं. मग दांड्याला हात न लावता बाहेरूनच ते चुंबकत्व वाचायचं. काही इलेक्ट्रिक सायकलींच्या पॅडलच्या दांड्यात हेच तत्त्व वापरतात. साध्या इलेक्ट्रिक सायकलीला फक्त पॅडल फिरतंय एवढंच कळतं. पिळाची जाण असलेली सायकल, तुम्ही किती जोर लावताय ते ओळखून तेवढीच साथ देते. चढावर पाय जड झाले की ती जास्त ढकलते.

पुणे-नाशिक रस्त्याने मी गाडी चालवत परत निघाले. वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि अंगावर काटा आला. कारण भाच्याने निघताना सांगितलं होतं की इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये स्टिअरिंगचा दांडा अखंड नसतो. त्याच्या मधोमध एक बारीक सळई असते, ती मुद्दाम पिळली जावी म्हणूनच घातलेली. मी चाक फिरवायला जोर लावते, सळई दोन-चार अंश पिळली जाते, सेन्सर तो पीळ वाचतो, आणि मोटर उरलेला जोर लावते. इतक्या झटकन की मला वाटतं मीच वळवलं. पुढे कधी ती सळई तुटलीच, तरी थोडं वळल्यावर दोन्ही भाग एकमेकांत अडकतात आणि चाकं वळत राहतात. १९८८ मध्ये जपानात सुझुकीच्या सर्व्हो गाडीत हे पहिल्यांदा आलं. माझ्या हाताखाली रोज एक सळई पिळली जात होती आणि मी तिच्यावरून घर, शाळा, मंडई करत होते.

आता जिकडे बघावं तिकडे तेच दिसतंय. वेताळ टेकडीवर फिरायला जाते तिथे एआरएआय ही वाहनांवर संशोधन करणारी संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. तिथे इंजिनांची परीक्षा डायनॅमोमीटरवर होते: इंजिनाला ब्रेक लावून धरायचं, ब्रेकची पेटी त्याच्याबरोबर फिरू पाहते, तिला एका लांब हाताने अडवायचं आणि त्या हातावरचा जोर मोजायचा. हेलिकॉप्टरच्या वैमानिकासमोर टॉर्कचा काटा टक्क्यांत असतो, कारण इंजिन कितीही ताकदवान असलं तरी मधल्या गिअरबॉक्सला सोसेल तेवढाच पीळ द्यायचा. ती मर्यादा ओलांडली तर उतरल्यावर गिअरबॉक्सची तपासणी. दाताचं इम्प्लांट बसवताना ३५ न्यूटन सेंटिमीटरच्या आसपास थांबतात, म्हणजे एका न्यूटन मीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. आणि मिनिटाला पंधरा फेऱ्यांनी संथ फिरणारी दोन मेगावॉटची पवनचक्की? तिच्या मुख्य दांड्यावर पीळ पडतो पावणेतेरा लाख न्यूटन मीटरच्या घरात! साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर मी त्या पात्यांखाली उभी राहिले आहे, फोटो काढले आहेत, आणि आत काय पिळलं जातंय याचा मनात विचारही आला नव्हता.

पण माझा जीव जडला आहे तो कणकेवर. जर्मनीच्या ब्राबेंडर कंपनीचं फॅरिनोग्राफ नावाचं यंत्र आहे, पिठाच्या गिरण्या आणि बेकऱ्यांसाठी. पीठ आणि पाणी घालायचं, आतली पाती मळायला लागतात, आणि पात्यांना किती पीळ सोसावा लागतो त्याचा आलेख उमटत जातो. रेघ वर चढते, कणीक घट्ट होते, शिखरावर थोडी थांबते, आणि मळणं चालूच ठेवलं तर उतरू लागते. शिखर ५०० च्या रेषेवर आणायला किती पाणी लागलं, त्यावरून ते पीठ किती पाणी पितं हे कळतं. माझी आई परातीत कणीक मळताना मनगटाने जे ओळखायची, पाणी कमी पडलं, आता झाली, आता पुरे, तो हा आलेख! रबराच्या कारखान्यात टायरचं मिश्रण पक्कं होताना असाच आलेख काढतात. आणि आता यंत्रमानवांच्या सांध्यांतही हीच जाण घातली आहे. कुका कंपनीचा जो हात जर्मनीच्या अंतराळ संशोधन केंद्रातल्या कामातून पुढे आला, त्याला सात सांधे आहेत, सातही सांध्यांत पीळ मोजला जातो, म्हणून माणसाचा धक्का लागला की तो हात थांबतो.

नट आवळणं ही मला सोपी गोष्ट वाटायची. ती किती अवघड आहे! पान्याने जो पीळ द्यावा त्यातला साधारण निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्टला खरा ताण द्यायला उरतात फक्त दहा टक्के. आट्यांवर तेलाचा थेंब जास्त पडला तरी सगळा हिशेब बदलतो. म्हणून गाड्यांच्या कारखान्यात नट आवळणारी यंत्रं पिळासोबत कोनही मोजतात, नट किती अंश फिरल्यावर किती पीळ आला. पीळ मोजून नट आवळण्याची सुरुवात १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनरॅड बार नावाच्या माणसाने केली, नळांच्या जोडावरचे बोल्ट सारखे आवळले जावेत म्हणून.

निघताना मी विचारलं होतं, हा आकडा खरा कशावरून? भाच्याने मला कोपऱ्यातलं यंत्र दाखवलं. लांबी अचूक माहीत असलेली आडवी दांडी आणि तिच्या टोकाला टांगायची प्रमाणित वजनं. वजन गुणिले अंतर, बस. एकेक वजन चढवायचं, आकडा लिहायचा, मग एकेक उतरवायचं. सगळी उतरली की पडद्यावर पुन्हा शून्य यायला हवं. दांड्याला झेपण्यापलीकडे पिळलं असेल तर शून्य येत नाही, थोडा पीळ कायमचा राहतो. "झिरो हलला," म्हणतात तिथले लोक, आणि दांडा बाद करतात. मला लगेच सुंभ आणि त्याचा पीळ आठवला. जर्मनीत ब्राउनश्वाइगला राष्ट्रीय मापनसंस्थेकडे असं एक यंत्र अकरा लाख न्यूटन मीटरपर्यंतचं आहे. तत्त्व तेच, अंतर आणि जोर, आजीचा खुंटा.

सोमवारी आठवीच्या वर्गात मी खडूंची पेटी घेऊन गेले. अठ्ठावीस वर्षं खडू माझ्या हातात आहे. मुलांना म्हटलं, आधी वाकवून मोडा. टक्, सरळ आडवा तुकडा. आता दोन टोकं धरा आणि वाकू न देता पिळा. वर्गभर एकदम टकटक आवाज झाला, आणि मग शांतता. प्रत्येकाच्या हातात तिरप्या, वळशाच्या कापाचे तुकडे, मळसूत्रासारखे. खडूला ताण सोसत नाही, म्हणून जिथे सर्वांत जास्त ताण तिथेच तो फाटतो, आणि ती रेघ ४५ अंशांची. एक मुलगी बाकावरून उठून फळ्यापाशी आली, कंपासपेटीतला कोनमापक तुकड्याला लावला आणि म्हणाली, "बाई, चव्वेचाळीस येतंय." सगळ्यांनी पुन्हा मोजायला घेतलं. तास संपल्याची घंटा झाली ते कुणाला कळलं नाही.

आज सकाळी भाच्याचा फोटो आला. मी चिकटवलेल्या गेजला त्याने तारा जोडल्या, दांडा त्या कोपऱ्यातल्या यंत्रावर चढवला, दहा वजनं टांगली, दहा उतरवली. फोटोत पडदा होता आणि त्यावर ०.०. मी शाळेच्या पायऱ्यांवर उभी होते. तिथूनच फोन केला आणि विचारलं, पाचव्या वजनाला किती आलं होतं, आणि चढताना आणि उतरताना एकच आकडा आला का?